अन्नातार म्हणजे कोण? सॉरॉनच्या टोपणनावांची उकल

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा खलनायक सॉरॉन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मनोऱ्याच्या टोकावर पेटलेला तो डोळा येतो. २००१ ते २००३ या काळात या कथेवर आलेल्या तीन चित्रपटांनी ही प्रतिमा डोक्यात इतकी पक्की बसवली आहे, की मूळ कथेत हाच इसम शेकडो वर्षं देखणा, गोडबोल्या आणि कामात वाकबगार पाहुणा म्हणून वावरला होता, हे सांगितलं तर लोकांना आधी पटतच नाही. पेटत्या डोळ्याच्या नादी कोण लागेल? अन्नातार हे नाव घेतलेल्या त्या पाहुण्याच्या नादी मात्र भलेभले लागले.

मग प्रश्न असा, की हजारो वर्षं जगणारे, शहाणे म्हणून ख्याती असलेले एल्फ एका टोपणनावाने फसले कसे? टोपी घालून चेहरा लपवला, नाव बदललं आणि झालं, इतकं ते सोपं नव्हतं. सॉरॉनने वेगवेगळ्या काळात वेगवेगळी नावं वापरली, आणि दर वेळी लपण्याची तऱ्हा वेगळी होती. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते: लपवण्याचं निम्मं काम समोरच्यांनीच करून दिलं.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढची नावं अंगावर येतील. जे. आर. आर. टोलकीन यांनी रचलेल्या जगाचं नाव मिडल-अर्थ. तिथला काळ युगांत मोजतात. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली अंगठीची मोहीम तिसऱ्या युगाच्या अगदी शेवटी घडते. आपली गोष्ट त्याआधीच्या दुसऱ्या युगात सुरू होते. या जगाची घडी बसवणाऱ्या थोर शक्तींना वालार म्हणतात. त्या समुद्रापार पश्चिमेला राहतात. त्यांच्याच जातकुळीच्या, पण पायरीने खालच्या शक्ती म्हणजे मायार. सॉरॉन हा मायारांपैकी एक. वालारांमधला आउले हा कारागिरीचा आणि धातूंचा स्वामी. त्याच्या हाताखाली सॉरॉन तयार झाला. पुढे तो मॉर्गॉथ या आद्य खलनायकाच्या पदरी गेला आणि त्याचा उजवा हात झाला. पहिल्या युगाच्या अखेरीस मॉर्गॉथचा पाडाव झाला, तेव्हा सॉरॉनने वालारांच्या दूतापुढे आपल्या कृत्यांबद्दल माफी मागितली. दूत म्हणाला, माफी द्यायचा अधिकार माझा नाही, पश्चिमेला जा आणि न्यायासमोर उभा राहा. एवढी मानहानी सॉरॉनला सोसणारी नव्हती. तो मिडल-अर्थमध्येच कुठेतरी दडून बसला.

दुसऱ्या युगाच्या साधारण १२००व्या वर्षी एल्फांच्या राज्यांत एक तेजस्वी, रूपवान पाहुणा हिंडू लागला. त्याने आपलं नाव सांगितलं अन्नातार. अर्थ असा, की भेटी देणारा स्वामी. नावातच आमिष! आपण वालारांनी पाठवलेले दूत आहोत, एल्फांना मदत करायला आलो आहोत, अशी त्याची बतावणी होती.

हे नाव डोकं लावून निवडलेलं होतं, हे त्या काळच्या एल्फांची अवस्था पाहिली की कळतं. त्यांच्यापुढे एक पेच होता. पश्चिमेला वालारांच्या देशात, वालिनोरमध्ये, काहीच कोमेजत नाही. मिडल-अर्थमध्ये सगळं झिजतं, सरतं. एल्फांना इथली माती सोडवत नव्हती आणि तिथलं अक्षय सौंदर्यही हवं होतं. दोन्ही एकदम मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. नेमक्या या दुखऱ्या जागेवर अन्नातारने बोट ठेवलं. मिडल-अर्थ असंच उजाड का राहावं? तुम्ही मनावर घेतलंत तर ही भूमीही वालिनोरच्या तोडीची होईल की! आणि त्यासाठी लागणारी विद्या देण्याची त्याची तयारी होतीच.

सगळीकडे ही डाळ शिजली नाही. समुद्रकाठच्या लिंडनचा राजा गिल-गालाद आणि त्याच्याजवळचा एलरोंड यांनी त्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. लिंडनमध्ये पाऊलच ठेवू दिलं नाही. आता यातली खरी गंमत बघा. हा माणूस कोण आहे, हे या दोघांनाही माहीत नव्हतं. सॉरॉनचं नाव त्यांच्या मनातही आलं नव्हतं. इतकं गोड रूप, इतकी गोड भाषा, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढीच शंका त्यांना आली, आणि तेवढ्यावर त्यांनी दार लावून घेतलं. ओळख पटल्याशिवायही नकार देता येतो, ही साधी गोष्ट या प्रकरणात फार थोड्यांना सुचली.

अन्नातारने या नकाराचंही भांडवल केलं. तो एरेगियन नावाच्या राज्यात आला आणि हळहळू लागला: गिल-गालाद एवढा मोठा राजा, एलरोंड एवढा विद्वान, पण या कामात मला साथ देत नाहीत हो! म्हणजे नकार देणारे कोत्या मनाचे, आणि ऐकणारे तुम्ही तेवढे दूरदृष्टीचे. समोरच्याला फुलवायची ही जुनी रीत एरेगियनमध्ये फळाला आली.

एरेगियन हे एल्फ कारागिरांचं राज्य. मोरिया या खुज्यांच्या भूमिगत नगरीच्या पश्चिम दरवाजाजवळ वसलेलं, शेजारच्या खुज्या खाणकामगारांशी चांगलं सख्य असलेलं. इथल्या कारागिरांचा म्होरक्या केलेब्रिम्बोर. त्याचा आजा फेआनोर. ज्या सिल्मरिल रत्नांवरून पहिल्या युगातली सगळी महायुद्धं पेटली, ती घडवणारा. आजोबांचं नाव एवढं मोठं असलं की नातवाच्या हातातली हातोडी कधी स्वस्थ बसत नाही. अन्नातारला त्याला फूस लावावीच लागली नाही. अधिक शिकायची भूक केलेब्रिम्बोरला आधीच होती. पाहुण्याने फक्त ताट वाढलं.

या टोपणनावाची खरी ताकद त्यातल्या अर्धसत्यात आहे. टोलकीन यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या टिपणांत असं येतं, की अन्नातारबरोबर तो आउलेन्दिल हेही नाव सांगत असे. म्हणजे आउलेचा भक्त, आउलेचा माणूस. आणि ते एका परीने खरंच होतं! तो आउलेच्याच हाताखाली शिकलेला होता. धातूंचं ज्ञान खरं, हातातलं कसब खरं, पश्चिमेच्या थोर शक्तींशी नातंही खरं. खोटं फक्त एवढंच, की त्याला कुणी पाठवलेलं नव्हतं आणि मधल्या काळात तो कुणाच्या चाकरीत होता, हे त्याने गाळलं होतं.

महाभारतातला अज्ञातवास आठवा. विराटाच्या दरबारात युधिष्ठिर 'कंक' म्हणून गेला, तेव्हा त्याने सांगितलं की मी पूर्वी युधिष्ठिराचा मित्र होतो. भीम 'बल्लव' होऊन म्हणाला, मी युधिष्ठिराच्या मुदपाकखान्यात होतो. निखळ थाप मारली असती तर बोलण्याचालण्यातून, राजेशाही वळणातून ती कधीतरी उघडी पडली असती. खऱ्याला चिकटून केलेल्या बतावणीत मात्र जे काही चुकून दिसेल त्याचं स्पष्टीकरण तयार असतं. अन्नातारचंही तसंच. त्याच्या हातून एखादं अलौकिक काम झालं तर एरेगियनचे लोक दचकत नसत. वालारांचा दूत ना तो, करणारच!

आणि शिकवणी खरी होती. त्याने दिलेल्या विद्येने एरेगियनच्या कारागिरांचं काम खरोखर सुधारलं, कल्पनेबाहेर सुधारलं. ज्या गुरूने सांगितलेली प्रत्येक गोष्ट भट्टीवर करून बघितली की जमते, त्या गुरूवर शंका कोण घेणार? १२०० ते १५०० अशी सुमारे तीनशे वर्षं ही शिकवणी चालली, असं कालपटावरून दिसतं. १५००च्या सुमारास कारागीर कळसाला पोचले आणि अंगठ्या घडवायला सुरुवात झाली.

एल्फांमधली थोर सरदारीण गॅलाड्रिएल त्या वेळी एरेगियनमध्येच होती, असं त्या टिपणांच्या एका मसुद्यात आहे. तिने अन्नातारला धुडकावून लावलं. त्याने तिचा तिटकारा वरवर शांतपणे, अदबीने सोसला. आता तिने त्याला ओळखलं होतं का? ओळखलं असेल तर तिथे राहू कसं दिलं? टोलकीन यांचे चिरंजीव क्रिस्टोफर यांनी १९८० साली ही टिपणं संपादित करून छापली, तेव्हा त्यांनीही हा प्रश्न मांडून ठेवला, की मसुद्यात याचं काही स्पष्टीकरण नाही. चाहत्यांचे वाद अजून चालू असतात. मला स्वतःला हा सैलपणा खटकत नाही. एखाद्याबद्दल नुसतं वाईट वाटणं आणि चारचौघांना ते पटवून देता येणं, यात खूप अंतर असतं.

मुखवटा गळून पडला, तो कुणाच्या हुशारीने नव्हे. सॉरॉनच्या स्वतःच्या हावेने. १६००च्या सुमारास त्याने मॉर्डोर या आपल्या मुलखातल्या अग्निपर्वतात गुपचूप एक अंगठी घडवली. बाकी सगळ्या अंगठ्यांवर हुकूम चालवणारी. ती त्याने बोटात घातली आणि त्याच क्षणी एल्फांना तो जाणवला. त्याला त्यांची मनं दिसावीत म्हणून केलेली वस्तू, पण उलटपक्षी त्यांनाही त्याचं मन दिसलं. त्यांनी आपापल्या अंगठ्या बोटांतून काढून टाकल्या. चारशे वर्षांची बतावणी एका क्षणात संपली, कारण हा डाव मुळात नावाने लपून खेळायचा होता आणि अंगठीत त्याने स्वतःची ताकद ओतली होती. स्वतःला त्या वस्तूत घातल्यावर दुसऱ्या नावाआड राहणार कसं?

पुढचं सगळं रक्तरंजित आहे. युद्ध पेटलं, १६९७ साली एरेगियन उद्ध्वस्त झालं. केलेब्रिम्बोर पकडला गेला. छळ करूनही त्याने एल्फांच्या तीन अंगठ्या कुठे आहेत ते सांगितलं नाही. त्याचा मृतदेह खांबाला लटकवून सॉरॉनने निशाणासारखा मिरवला. एके काळी ज्याला विद्या शिकवली, त्याचाच.

इथे थोडं थांबून एक उलटा प्रश्न विचारू. अन्नातार हे टोपणनाव, तर मग सॉरॉन हे खरं नाव का? नाही! सॉरॉन हा शब्द एल्फांचा, आणि त्याचा अर्थ तिरस्करणीय. म्हणजे शत्रूंनी ठेवलेलं नाव. त्याचं मूळ नाव मायरॉन असं टोलकीन यांच्या टिपणांत सापडतं. अर्थ साधारण 'वाखाणण्याजोगा'. म्हणजे ज्याला आपण खरी ओळख समजतो, ती एक शिवी आहे.

'द टू टॉवर्स' या दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला याची एक छोटी पण झकास खूण आहे. अंगठीच्या मोहिमेतला बोरोमिर लढाईत पडला आहे, त्याचे साथीदार त्याच्याभोवती आहेत. आजूबाजूला मेलेल्या ऑर्कांचा, म्हणजे शत्रूच्या राक्षसी शिपायांचा, खच. त्यातल्या काहींच्या ढालींवर पांढरा पंजा, शिरस्त्राणांवर एल्फांच्या लिपीतलं 'एस' हे अक्षर. गिमली म्हणतो, सॉरॉनचा 'एस', सरळ आहे. लेगोलास म्हणतो, सॉरॉन एल्फांची लिपी वापरत नाही. आणि ॲरागॉर्न पुढची गोष्ट सांगतो: तो आपलं खरं नाव वापरत नाही आणि कुणाला ते लिहू-बोलू देत नाही. तेव्हा तो 'एस' सारुमान या जादूगाराचा. एका अक्षरावरून केलेली ही शहानिशा फार सुंदर आहे. स्वतःच्या नावाचा ज्याला राग आहे त्याच्या शिपायांच्या कपाळावर ते नाव कसं येईल? (शेवटाकडे मॉर्डोरच्या दरवाजात त्याचाच दूत 'मी सॉरॉनचं तोंड' म्हणून ओळख देतो, तेव्हा हा नियम मोडल्यासारखा वाटतो. ही गाठ चाहत्यांनी नाना तऱ्हांनी सोडवून पाहिली आहे. मी तो नाद सोडला.)

न्यूमेनोरचं प्रकरण झटपट उरकतो, कारण तिथे टोपणनावाचा खेळच नव्हता. न्यूमेनोर हे माणसांचं बलाढ्य बेटराज्य. ३२६२ साली तिथला राजा आर-फाराझोन याने सॉरॉनला कैदी म्हणून नेलं. सगळ्यांना माहीत होतं हा कोण. तरीही थोड्याच वर्षांत कैद्याचा सल्लागार झाला आणि सल्लागाराने राजाला वालारांवरच चढाई करायला लावलं. ३३१९ साली अख्खं बेट समुद्रात गेलं. इथे पांघरलेली गोष्ट नाव नव्हती, शरणागती होती. राजाला मरणाची भीती होती. त्या भीतीवर औषध असल्याचं सॉरॉनने सांगितलं, इतकंच. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र या बुडण्याला महत्त्व आहे. बेटाबरोबर सॉरॉनचा देहही बुडाला, आणि त्यानंतर त्याला पुन्हा कधी सुंदर रूप घेता आलं नाही. अन्नातारचा मार्ग कायमचा बंद झाला. यापुढे लपायचं तर रूपाने भुलवून नव्हे, दुसऱ्याच कुठल्या तरी युक्तीने.

ती युक्ती तिसऱ्या युगात दिसते, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत चतुर आहे.

दुसऱ्या युगाच्या शेवटी सॉरॉन हरला, अंगठी हातची गेली, आणि जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. तिसऱ्या युगाच्या ११००च्या सुमारास शहाण्यांच्या, म्हणजे जादूगार आणि एल्फ सरदारांच्या, लक्षात आलं की मर्कवूड जंगलाच्या दक्षिण भागात डोल गुल्दूर इथे कुणीतरी दुष्ट शक्ती तळ ठोकून बसली आहे. कोण असेल? अंदाज बांधला गेला की सॉरॉनच्या नऊ अंगठीधारी चाकरांपैकी, नाझगूलांपैकी, कुणी असावा. आसपासचे लोक त्याला नेक्रोमॅन्सर म्हणू लागले: मेलेल्यांशी व्यवहार करणारा मांत्रिक.

बघा, अन्नातार हे नाव त्याने स्वतः निवडलं होतं. हे नाव लोकांनी ठेवलं. त्याला काही करावंच लागलं नाही. 'जंगलातला मांत्रिक' हे एखाद्या स्थानिक त्रासाचं नाव आहे. गावाबाहेरच्या पडक्या वाड्यात काहीतरी आहे म्हणतात, तिकडे रात्रीचं जाऊ नये, बस्स. अशा नावावर कुणी सैन्य काढत नाही. अन्नातार मोठेपणाआड लपला होता. नेक्रोमॅन्सर लहानपणाआड लपला.

२०६०च्या सुमारास शहाण्यांना पहिल्यांदा भीती वाटली, की हा सॉरॉनच तर नव्हे? २०६३ साली गॅन्डाल्फ हा जादूगार शोध घ्यायला डोल गुल्दूरमध्ये गेला. तो येतोय म्हणताच आतला इसम पूर्वेकडे पसार. ओळख पटवायला गेलात की घर रिकामं! त्यानंतर जवळजवळ चारशे वर्षं शांतता होती. २४६० साली तो जास्त बळ घेऊन परतला. २४६३ साली या शहाण्यांचं श्वेत मंडळ स्थापन झालं. गॅलाड्रिएलला अध्यक्षपदी गॅन्डाल्फ हवा होता; तो नको म्हणाला आणि सारुमान प्रमुख झाला. ही नोंद लक्षात ठेवा.

२८५० साली गॅन्डाल्फ पुन्हा गेला. या वेळी छपून. तळघरातल्या कोठडीत त्याला एक म्हातारा खुजा सापडला, वेडापिसा, स्वतःचं नावही न आठवणारा. तो होता थ्राइन, खुज्यांच्या राजघराण्यातला. शरीरातले प्राण जाता जाता त्याने एक नकाशा आणि एक किल्ली गॅन्डाल्फच्या हाती ठेवली. (हीच ती किल्ली, जिच्यामुळे पुढे 'द हॉबिट'च्या नायकाच्या, बिल्बो बॅगिन्सच्या दारात तेरा पाहुणे उभे राहिले.) आणि याच फेरीत गॅन्डाल्फला खात्री पटली: डोल गुल्दूरचा मालक सॉरॉनच आहे, तो अंगठ्या गोळा करतोय आणि सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या त्या एका अंगठीचा माग काढतोय.

म्हणजे ११०० ते २८५०. साडेसतराशे वर्षं एक टोपणनाव टिकलं.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. ओळख पटली, आता हल्ला करा. २८५१ साली मंडळाची बैठक झाली, गॅन्डाल्फने तेच सांगितलं आणि सारुमानने ते हाणून पाडलं. का? पुढे उघड झालं ते असं, की सारुमानला अंगठी स्वतःलाच हवी होती. सॉरॉनला थोडा काळ मोकळं सोडलं तर अंगठी आपल्या मालकाच्या ओढीने वर येईल, असा त्याचा हिशेब होता. कुंपणानेच शेत खाल्लं. नाव फुटल्यावरही आणखी नव्वद वर्षं सॉरॉन तिथे सुखाने राहिला, कारण ते नाव फुटणं एका बड्या माणसाच्या सोयीचं नव्हतं.

२९४१ साली मंडळाने अखेर हल्ला केला. तोवर सॉरॉनची आवराआवर झाली होती. त्याने फारसा प्रतिकार न करता डोल गुल्दूर सोडलं, २९४२ साली गुपचूप मॉर्डोर गाठलं, आणि २९५१ साली आपण कोण आहोत ते उघडपणे जाहीर केलं. उघड केलं म्हणजे त्याला लपण्याचा कंटाळा आला असं नव्हे. लपून जे साधायचं होतं ते साधून झालं होतं. आता जिथे नुसत्या नावाने लोक गळपटतील, तिथे ते नावच हत्यार म्हणून चालणार होतं.

वाचकांच्या बाबतीतही हे टोपणनाव असंच टिकलं, हा या सगळ्यातला मला सगळ्यांत आवडणारा भाग. 'द हॉबिट' १९३७ साली आलं. त्यात नेक्रोमॅन्सरचा उल्लेख ओझरता आहे: मर्कवूडमधला मांत्रिक, त्याला हुसकावायला गॅन्डाल्फ मध्येच निघून जातो, विषय संपला. ड्रॅगनची आणि खजिन्याची गोष्ट वाचणाऱ्या मुलाला तो कोण, हे विचारायचीही गरज वाटत नाही. उत्तर मिळालं ते १९५४ साली, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला खंड आला तेव्हा. मधली सतरा वर्षं वाचकही डोल गुल्दूरच्या आसपास राहणाऱ्या गावकऱ्यांसारखेच होते.

लेखकाला मात्र बहुधा आधीपासून ठाऊक होतं. १९३७च्या डिसेंबरमध्ये प्रकाशकांना लिहिलेल्या पत्रात टोलकीन यांनी म्हटलं आहे, की बिल्बोची गंमतीदार गोष्ट त्यांच्या मोठ्या पुराणकथेच्या कडेला ओढली गेली आणि भयंकर सॉरॉनही त्या कडेवरून डोकावून गेला. या पात्राने लेखकाच्या कागदावरही बरीच नावं बदलली होती, हा आणखी एक मजेशीर धागा. त्याआधीच्या लिखाणात त्याचं नाव थू असं आहे. आणि अगदी सुरुवातीच्या कथांमध्ये त्याची जागा तेविल्दो नावाच्या बोक्याने घेतलेली होती, मांजरांचा राजा! मॉर्डोरच्या अधिपतीचा पूर्वज बोका, हे एकदा कळलं की त्या पेटत्या डोळ्यातली उभी फट जरा वेगळीच दिसू लागते.

याच्या नेमकं उलट टोपणनाव कसं असतं ते पाहायचं तर ॲरागॉर्न पाहावा. ब्री गावात तो स्ट्रायडर म्हणून भेटतो. मळके कपडे, चिखलाचे बूट, कोपऱ्यात बसून पाइप ओढणारा संशयास्पद इसम. राजाच्या वंशजाला गावाने ठेवलेलं हेटाळणीचं नाव. अंगठी घेऊन निघालेला फ्रोडो, म्हणजे हॉबिट या बुटक्या जमातीतला एक जण, त्याच्यावर विश्वास ठेवतो त्यामागचं त्याचं तर्कशास्त्र अन्नातारच्या गोष्टीला थेट उत्तर आहे: शत्रूचा हेर असता तर तो दिसायला अधिक चांगला आणि वाटायला अधिक वाईट असता. केलेब्रिम्बोरला हे सुचलं नाही, शायरमधल्या एका हॉबिटला सुचलं.

हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या व्होल्डेमॉर्टसारख्या खलनायकांशी याची तुलना होते, पण मला ती फारशी जमत नाही. तिथे टॉम मार्व्होलो रिडल या नावाची अक्षरं इकडची तिकडे केली की नवं नाव तयार होतं. कोडं सुटल्याचा आनंद मिळतो, पण तो वाचकासाठी रचलेला आहे. अन्नातारच्या नावात सोडवायचं काहीच नाही. अर्थ उघड आहे, आणि तो खोटाही नाही. भेटी तर त्याने खरंच दिल्या.

२०२२ साली सुरू झालेल्या 'द रिंग्ज ऑफ पॉवर' या मालिकेने सॉरॉनला एक नवंच, टोलकीन यांच्या लिखाणात नसलेलं नाव दिलं: हॅलब्रँड. मालिकेबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मलाही पटतात. पण टोपणनाव कसं तयार होतं, हे तिने चांगलं दाखवलं. भर समुद्रात एका तराफ्यावर गॅलाड्रिएलला हा फाटका माणूस भेटतो. त्याच्याकडे एका राजघराण्याचं चिन्ह असतं. तो स्वतः म्हणतो, मी हे एका मेलेल्या माणसाकडून घेतलं. पण गॅलाड्रिएलला दक्षिणेचा हरवलेला राजा हवा आहे, सैन्य हवं आहे, सॉरॉनचा माग काढायचा आहे. मग तीच त्याला राजा ठरवते आणि दरबारांतून पुढे करते. शेवटी तिला संशय येतो, तेव्हा ती जुनी वंशावळ मागवून बघते. तो वंश हजार वर्षांपूर्वीच संपलेला, वारस कुणी नाही. हा कागद तिने पहिल्या दिवशी मागवला असता तर? ज्याच्या शोधात ती शतकानुशतकं हिंडली, त्याला तिनेच हाताला धरून केलेब्रिम्बोरच्या भट्टीपर्यंत आणून पोचवलं.

त्यानंतर ती काय करते? केलेब्रिम्बोरला एवढंच सांगते, की हॅलब्रँडशी पुन्हा संबंध ठेवू नका. तो कोण आहे हे सांगत नाही. स्वतः फसल्याची लाज माणसाला गप्प बसवते, आणि फसवणाऱ्याला तेवढी गप्प राहिलेली जागा पुरते. २०२४ साली आलेल्या दुसऱ्या पर्वात तो त्याच भट्टीत परत येतो आणि आता वालारांचा दूत अन्नातार म्हणून उभा राहतो. तिथे मालिकेने ज्वाळा, लखलखाट, रूपांतर असा मोठा देखावा केला आहे, आणि केलेब्रिम्बोर त्या तेजाने दिपून जातो. ते मला कमअस्सल वाटलं. मूळ कथेत असा चमत्कार कुठेच नाही. तिथे एक पाहुणा येतो, काम शिकवतो, ते काम चांगलं होतं, आणि त्याला जा म्हणण्याचं कारण वर्षानुवर्षं कुणालाच सापडत नाही.